संशोधनाच्या दप्तराचे कारभारी

विद्यापीठातील संशोधन म्हटले की प्रबंध, शोधनिबंध आणि पदवीदान समारंभ डोळ्यांसमोर उभे राहतात. या सर्वांचा पाया असलेल्या मूळ नोंदींकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विहिरींच्या पाण्याची पातळी, पिकांच्या वाढीची मोजमापे, रुग्णांच्या तपासण्या, कुटुंबांच्या मुलाखती, यंत्रांतून निघालेले आकडे, छायाचित्रे आणि ध्वनिफिती हे संशोधनाचे खरे भांडवल होय. शास्त्रीय परिभाषेत त्यास आधारसामग्री म्हणतात. व्यवहारात आज ‘डेटा’ हाच शब्द रूढ झाला आहे. निष्कर्ष चुकला की बरोबर, हे ज्या आधारावर ठरवावयाचे तो आधारच उपलब्ध नसेल तर छापील निबंधाचे मोल केवळ लेखकाच्या शब्दाइतके उरते.

ही आधारसामग्री सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत युरोपातील विद्यापीठांनी एका नव्या पदाच्या रूपाने शोधले आहे. ‘डेटा स्ट्यूअर्ड’ असे या पदाचे नाव. मराठीत त्यास ‘कारभारी’ हा शब्द अगदी चपखल बसतो. कारभारी हा मालमत्तेचा धनी नसतो. परंतु ती कोठे आहे, किती आहे, कोणाच्या हाती द्यावयाची आणि कोणाच्या नाही, याचा हिशेब त्याच्यापाशी असतो. संशोधनाच्या दप्तराचा असा कारभार पाहणारा माणूस म्हणजे डेटा स्ट्यूअर्ड.

नोंदी का हरवतात?

नोंदी हरवतात त्या बहुधा कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, तर कालौघात. २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली एक पाहणी या दृष्टीने उद्बोधक आहे. प्राणी व वनस्पती यांच्या मोजमापांवर आधारलेले ५१६ शोधनिबंध पाहणीकर्त्यांनी निवडले. हे निबंध २ ते २२ वर्षांपूर्वीचे होते. त्यांच्या लेखकांकडे मूळ आकडेवारी मागण्यात आली. ती प्रत्यक्षात मिळाली केवळ १०१ निबंधांची, म्हणजे पाचांतील एकाची. निबंधाचे वय एका वर्षाने वाढले की त्याची सामग्री शिल्लक असण्याच्या संभाव्यतेचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घटते, असे या पाहणीत आढळून आले. कोणाचा पत्ता बदलला होता; कोणाची सामग्री आता कोणत्याही यंत्रात न चालणाऱ्या चकत्यांवर अडकून पडली होती.

कधी कधी हा ऱ्हास एका दिवसात घडून येतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या वास्तुकला विद्याशाखेची तेरा मजली इमारत १३ मे २००८ रोजी आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. कॉफीच्या यंत्रात पाणी शिरून झालेले शॉर्टसर्किट हे आगीचे कारण होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ग्रंथसंग्रह आणि ऐतिहासिक खुर्च्यांचा मौल्यवान संग्रह बराचसा वाचविता आला. परंतु अध्यापक व विद्यार्थी यांच्या खोल्यांतील प्रतिकृती, आराखडे आणि कागदपत्रे जळून गेली. ज्या वस्तूंना संग्रह म्हणून मान्यता होती त्यांची आठवण आपत्तीच्या वेळी सर्वांना झाली. टेबलाच्या खणातील चालू कामाला असे कोणी वाली नव्हते. आग ही अपवादात्मक घटना होय. परंतु संगणक बिघडणे, एकुलती एक पेन ड्राइव्ह हरवणे, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जाणे या गोष्टी प्रत्येक विभागात दरवर्षी घडतात.

नोंदी शिल्लक राहूनही निरुपयोगी होतात, हा तिसरा प्रकार. एखाद्या तक्त्यात विहिरींपुढे ‘६.५’, ‘७.२’ असे आकडे आहेत. पण ते फुटांत की मीटरमध्ये, जमिनीच्या पातळीपासून मोजले की विहिरीच्या कठड्यापासून, पावसाळ्यापूर्वी की नंतर, हे कोठेही लिहिलेले नाही. असा तक्ता असून नसल्यासारखाच. एककाच्या अशा घोटाळ्याची किंमत केवढी असू शकते हे अमेरिकेच्या मंगळयानाने दाखवून दिले. सप्टेंबर १९९९ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. एका संगणकीय कार्यक्रमाने प्रेरणेचे आकडे ब्रिटिश पद्धतीच्या एककात दिले होते आणि ते घेणाऱ्याने मेट्रिक एकक गृहीत धरले होते. गणित कोणाचेच चुकले नव्हते; आकड्यासोबत जावयाची माहिती गेली नव्हती.

विश्वासाचा प्रश्न

आधारसामग्रीचा कारभार हा केवळ नीटनेटकेपणाचा विषय नाही. नेदरलँड्समध्ये २०११ साली उघडकीस आलेल्या एका प्रकरणाने हे प्रकर्षाने दिसून आले. टिलबर्ग विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्राचे नामवंत प्राध्यापक डिडेरिक स्टापेल यांनी कित्येक वर्षे प्रयोगांची आकडेवारी स्वतःच रचून प्रसिद्ध केल्याचे निष्पन्न झाले. नोव्हेंबर २०१२ च्या अंतिम अहवालात चौकशी समित्यांनी ५५ प्रकाशनांमध्ये लबाडी झाल्याचा निर्वाळा दिला. याहून दुःखद भाग असा की, त्यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिल्या गेलेल्या १० प्रबंधांतही ही बनावट सामग्री शिरली होती. त्या विद्यार्थ्यांनी स्वतः काही रचले नव्हते. प्राध्यापकांनी हाती दिलेले आकडे त्यांनी खरे मानले. ही लबाडी बाहेर आणण्याचे धैर्यही तेथील तरुण संशोधकांनीच दाखविले, हे येथे नमूद केले पाहिजे.

या प्रकरणातून एक प्रश्न पुढे आला. आकडे कोणी गोळा केले, कोठे गोळा केले, मूळ प्रश्नावली कोठे आहे, हे इतकी वर्षे कोणी विचारले कसे नाही? सहकाऱ्याने सहकाऱ्याला असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी विद्यापीठांतील सर्वसाधारण समजूत असते. मूळ सामग्री जपून ठेवणे हा जेथे सर्वांना सारखा लागू असलेला शिरस्ता असतो, तेथे असा प्रश्न विचारण्यात कोणाचाही अवमान होत नाही. तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावरील नोंद कोणत्या फेरफाराने झाली हे पाहता येते. तो क्रमांक विचारल्याने खातेदाराचा अपमान होत नाही. संशोधनातील आकड्यालाही असाच फेरफार क्रमांक असावा, एवढीच ही अपेक्षा होय.

लबाडी विरळा, साधी चूक मात्र सार्वत्रिक. २०१० साली दोन अर्थशास्त्रज्ञ, कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर लिहिलेला निबंध अनेक देशांतील धोरणविषयक चर्चेत आधार म्हणून वापरला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांनी आपला मूळ तक्ता दिला, तेव्हा सरासरी काढताना काही देशांच्या ओळी सुटून गेल्याचे आणि हिशेबाच्या पद्धतीतही वादास जागा असल्याचे २०१३ साली पुढे आले. तक्ता दिला गेला म्हणूनच ही चूक सापडली. मूळ सामग्री पाहावयास मिळणे हेच चुकीवरील सर्वांत स्वस्त औषध आहे.

डेल्फ्टचा प्रयोग

डेल्फ्ट तंत्रविज्ञान विद्यापीठ १८४२ साली स्थापन झाले. स्थापत्य व भूशास्त्रे, विमानविद्या, यंत्र व जहाजबांधणी, विद्युत व संगणकशास्त्र, उपयोजित विज्ञाने, वास्तुकला, औद्योगिक अभिकल्प आणि तंत्रज्ञान व धोरण अशा आठ विद्याशाखा तेथे आहेत. या विद्यापीठाने २०१७ पासून प्रत्येक विद्याशाखेत एक याप्रमाणे डेटा-कारभारी नेमण्यास प्रारंभ केला. या योजनेतील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट नेमणुकीच्या जागेची. हे कारभारी मध्यवर्ती कार्यालयात बसत नाहीत. ते विद्याशाखेतच, संशोधकांच्या शेजारी बसतात. त्यांचा परस्परांशी मेळ घालण्याचे काम विद्यापीठाचे ग्रंथालय करते. यामागील विचार सरळ आहे. विमानाच्या पंख्याभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची मोजमापे आणि शहरातील रहिवाशांच्या मुलाखती या दोहोंना ‘डेटा’ हेच नाव असले तरी त्यांच्या गरजा सर्वस्वी भिन्न असतात. पहिल्यात प्रश्न असतो तो सामग्रीच्या प्रचंड आकारमानाचा. दुसऱ्यात माणसांच्या खाजगीपणाचा. म्हणून कारभारी त्या विषयाची भाषा जाणणारा असावा लागतो. डेल्फ्ट येथे नेमलेल्या व्यक्तींना संशोधनाचा स्वतःचा अनुभव होता, तो याच हेतूने. शेती खात्याचा कर्मचारी शेताच्या बांधावर जातो तेव्हा त्याच्या सल्ल्याला जे वजन येते, ते तालुक्याहून पाठविलेल्या परिपत्रकाला येत नाही; त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट क्रमाची. अनेक संस्थांमध्ये आधी नियमावली निघते आणि ती अमलात कोणी आणावयाची हा विचार मागाहून होतो. डेल्फ्ट येथे आधी माणसे नेमली गेली. त्यांनी संशोधकांच्या अडचणी ऐकून घेतल्या आणि त्यानंतर २०१८ साली विद्यापीठाचे आधारसामग्रीविषयक चौकट-धोरण मंजूर झाले. त्या चौकटीत राहून प्रत्येक विद्याशाखेने आपापल्या विषयास अनुरूप धोरण आखावयाचे, असे ठरले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी सामग्रीच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा आणि प्रबंधास आधारभूत असलेली सामग्री मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावी, अशा अपेक्षा या धोरणाने घालून दिल्या. हे नियम पाळण्यास मदत करणारा माणूस नियम येण्यापूर्वीच शेजारच्या खोलीत हजर होता, ही या प्रयोगाची खरी शिकवण आहे.

याच सुमारास डेल्फ्टने ‘डेटा चॅम्पियन’ नावाची स्वयंसेवकांची योजनाही सुरू केली. केंब्रिज विद्यापीठात २०१६ साली सुरू झालेल्या योजनेचा हा धडा होता. आपली सामग्री उत्तम रीतीने सांभाळणारे संशोधक आपल्या सहकाऱ्यांना स्वेच्छेने मार्गदर्शन करतात. एकटा कारभारी शेकडो लोकांपर्यंत पोहोचू शकत नाही. असे साहाय्यक मिळाल्यास त्याचे काम अनेक पटींनी वाढते.

कारभाऱ्याचे काम

कारभारी नेमके करतो काय, हे संशोधनाच्या क्रमानेच पाहणे सोयीचे होईल.

प्रकल्प सुरू होण्यापूर्वी तो संशोधकास काही प्रश्न विचारतो. कोणत्या प्रकारची सामग्री गोळा होणार? तिचे आकारमान किती? ती कोठे साठविणार? प्रकल्प संपल्यावर तिचे काय करणार? यासाठी लागणारा वेळ व पैसा अंदाजपत्रकात धरला आहे काय? या उत्तरांतून जो लेख तयार होतो त्यास सामग्री-व्यवस्थापनाचा आराखडा म्हणतात. युरोपीय संघाच्या आणि नेदरलँड्सच्या निधी देणाऱ्या संस्था असा आराखडा मागतात. आराखडा कारभारी लिहून देत नाही. तो संशोधकानेच लिहावयाचा असतो. कारभारी त्यातील त्रुटी दाखवितो.

प्रत्यक्ष काम सुरू झाले की दैनंदिन शिस्तीचा भाग येतो. फाइलींना नावे कशी द्यावीत, तारीख कोणत्या क्रमाने लिहावी, सुधारलेली प्रत आणि जुनी प्रत ओळखावयाची कशी, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’ आणि ‘अगदी अंतिम’ अशा तीन फाइली ज्याने कार्यालयात पाहिल्या आहेत त्याला या शिस्तीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक निराळ्या जागी असावी, हा सर्वमान्य दंडक आहे. सामग्रीसोबत एक माहितीपत्रक ठेवावयाचे असते. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, मोजण्याचे साधन, स्थळ, काळ आणि न मिळालेली नोंद कोणत्या खुणेने दाखविली आहे, हे सर्व त्यात यावे लागते.

साधनांचे धोके ओळखणे हाही या कामाचाच भाग. संगणकावरील तक्त्याचा प्रसिद्ध कार्यक्रम ‘एक्सेल’ हा ‘मार्च-१’ किंवा ‘सेप्ट-२’ अशी जनुकांची संक्षिप्त इंग्रजी नावे तारखा समजून आपोआप बदलतो. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ साली दिसून आले. अखेर मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने काही जनुकांची नावेच बदलली. २०२० साली त्याविषयीचे नवे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. अनुभवी कारभारी अशा जागा आधीच दाखवून देतो.

प्रकल्प संपताना निवडीचा प्रश्न येतो. सगळेच जपून ठेवणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. पुन्हा करता येण्याजोग्या प्रयोगाची कच्ची सामग्री काही वेळा टाकून दिली तरी चालते. परंतु २०१७ च्या पावसाळ्यात नदीला आलेल्या पाण्याची नोंद पुन्हा कधीही घेता येणार नाही. काय ठेवावे हे विषयतज्ज्ञ ठरवितो, कसे ठेवावे हे कारभारी सांगतो. निवडलेली सामग्री विश्वासार्ह संग्रहात जमा होते. डेल्फ्ट, आइंडहोव्हेन व ट्वेंटे या तंत्रविज्ञान विद्यापीठांच्या सहकार्यातून उभा राहिलेला ‘फोरटीयू रिसर्चडेटा’ हा असा एक संग्रह आहे. तेथे सामग्रीला कायमचा ओळख क्रमांक मिळतो. त्यामुळे ग्रंथाप्रमाणेच तिचाही निर्देश करता येतो आणि ती गोळा करणाऱ्यास श्रेय मिळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कारभारी हा संगणक विभागाचा तंत्रज्ञ नव्हे, विधी सल्लागार नव्हे आणि संशोधकाच्या हाताखालील कारकूनही नव्हे. साठवणुकीची यंत्रणा तंत्रज्ञ चालवितात, कायद्याचा अर्थ विधिज्ञ लावतात. संशोधकाला मात्र या सर्वांची दारे स्वतंत्रपणे ठोठावणे कठीण जाते. त्याची अडचण समजून घेऊन योग्य दारापाशी नेणारा माणूस म्हणजे कारभारी.

चार कसोट्या

उत्तम आधारसामग्री कोणती, हे ठरविण्यासाठी आज जगभर चार कसोट्या वापरल्या जातात. नेदरलँड्समधील लायडन येथे जानेवारी २०१४ मध्ये भरलेल्या एका कार्यसभेतून त्या आकारास आल्या आणि मार्च २०१६ मध्ये ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘फेअर’ तत्त्वे म्हणतात. सामग्री सापडण्याजोगी असावी, मिळण्याजोगी असावी, इतर सामग्रीशी मेळ बसण्याजोगी असावी आणि पुन्हा वापरण्याजोगी असावी, हा त्यांचा आशय होय.

या कसोट्या नव्या वाटल्या तरी त्यांतील तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हजारो रुमालांत बांधलेले आहे. हे कागद शिल्लक होते म्हणूनच गो. स. सरदेसाई यांना १९३० च्या दशकात त्यांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादित करता आले. परंतु केवळ कागद शिल्लक असणे पुरेसे नव्हते. कोणता रुमाल कोणत्या विषयाचा, याची यादी असली तर कागद सापडतो. दप्तरखान्यात प्रवेश असला तर मिळतो. मोडी वाचता आली आणि तारखांचे गणित जुळले तर इतर कागदांशी ताडून पाहता येतो. आणि त्यावर लिहिणाऱ्याचे नाव व काळ असला तर पुराव्यादाखल पुन्हा वापरता येतो. चारही कसोट्या येथे हजर आहेत. संगणकाच्या युगात रुमालाची जागा फाइलीने घेतली, एवढाच फरक. उलट कागद दोनशे वर्षे टिकला. फाइलीकडे दहा वर्षे कोणी पाहिले नाही तर ती उघडेलच याची खात्री नसते.

खुलेपणा आणि मर्यादा

सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली सामग्री जनतेस खुली असावी, हा विचार आता सर्वत्र मान्य होत आहे. तथापि खुलेपणाला मर्यादा असतात. गावातील कुटुंबांनी आपल्या कर्जाची, आजाराची किंवा कौटुंबिक कलहाची माहिती संशोधकाला दिली, ती विश्वासाने दिली. नाव गाळले म्हणजे ओळख गाळली असे होत नाही. लहान गावात ‘पाच एकर जमीन असलेली, दोन मुलींची विधवा माता’ एवढे वर्णन पुरेसे असते. कोणाविषयी लिहिले आहे हे वाचणारा गावकरी लगेच ओळखतो. अशी सामग्री आहे तशी खुली करणे म्हणजे माहिती देणाऱ्याचा विश्वासघात होय.

मे २०१८ पासून युरोपात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कडक कायदा लागू झाला. त्यानंतर कारभाऱ्यांच्या कामाचा मोठा भाग या प्रश्नाने व्यापला. माहिती घेताना संमतिपत्रात काय लिहावे, ओळख पटविणारे तपशील वेगळे कसे ठेवावेत, संपूर्ण सामग्री न देता तिचे वर्णन तेवढे प्रसिद्ध करून मूळ सामग्री अर्ज करणाऱ्यासच कशी द्यावी, याविषयी ते मार्गदर्शन करतात. शक्य तितके खुले आणि आवश्यक तितके बंद, असे या धोरणाचे सूत्र आहे. ही सीमारेषा प्रकल्पाच्या शेवटी नव्हे, तर पहिली मुलाखत घेण्यापूर्वीच आखावी लागते. ज्या संमतिपत्रात माहिती पुढे वापरण्याचा उल्लेख नाही, ते वर्षांनंतर बदलून आणता येत नाही.

खर्च आणि अडचणी

या व्यवस्थेस खर्च येतो, हे उघड आहे. युरोपीय आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१६ साली असे सुचविले की, संशोधनावरील खर्चाचा सरासरी ५ टक्के भाग सामग्रीच्या कारभारासाठी राखून ठेवावा. युरोपात या कामासाठी सुमारे पाच लाख जाणकार माणसे दहा वर्षांत तयार करावी लागतील, असा त्या गटाचा अंदाज होता. हा खर्च मोठा वाटतो. परंतु न केलेल्या खर्चाचीही किंमत असते. सामग्री नीट न सांभाळल्याने युरोपच्या अर्थव्यवस्थेचे दरवर्षी किमान १०.२ अब्ज युरोंचे नुकसान होते, असा हिशेब युरोपीय आयोगासाठी केलेल्या २०१८ च्या एका अभ्यासात मांडण्यात आला.

पैशापेक्षा अवघड प्रश्न माणसांचा आहे. कारभारी हा ना पूर्ण अध्यापक, ना पूर्ण प्रशासक. त्याच्या नावावर शोधनिबंध चढत नाहीत, म्हणून अध्यापकवर्गाच्या बढतीच्या निकषांत तो बसत नाही. आणि कार्यालयीन पदांच्या श्रेणीतही त्याची जागा ठरलेली नसते. मुदतबंद प्रकल्पाच्या पैशातून नेमलेला माणूस मुदत संपताच निघून गेला, तर ज्या विस्मरणावर उपाय म्हणून त्याला आणले तेच विस्मरण पुन्हा सुरू होते. संशोधकांच्या बाजूनेही सुरुवातीस नाराजी असते. आणखी एक फॉर्म, आणखी एक तपासणी, असे त्यांना वाटते. कारभारी तपासनिसाच्या थाटात वागू लागला तर ही नाराजी खरी ठरते. त्याच्या हाती शिक्षेचा अधिकार नसतो आणि नसावाही. ज्याची फाइल त्याने एकदा वाचविली तो संशोधक दुसऱ्या वेळी आपण होऊन येतो, हेच त्याचे खरे अधिकारपत्र होय.

आपल्याकडील चित्र

भारतात या दिशेने काही पायाभूत कामे झाली आहेत. शासकीय निधीतून निर्माण झालेली, गोपनीय नसलेली सामग्री उपलब्ध करून देण्यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण केंद्र शासनाने २०१२ साली जाहीर केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध कोणालाही वाचावयास मिळतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे प्रबंधही त्यात आहेत. २०२३ साली संमत झालेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यात संशोधन, अभिलेख व सांख्यिकी या प्रयोजनांसाठी विहित मानकांच्या अधीन राहून सवलतीची तरतूद आहे. प्रबंध जपण्याची व्यवस्था अशा रीतीने उभी राहिली. त्या प्रबंधाखालची आधारसामग्री जपणारा माणूस प्रत्येक विद्याशाखेत असणे, ही यापुढची पायरी ठरते.

त्यासाठी डेल्फ्टएवढी साधने हाती असलीच पाहिजेत असे नाही. महाविद्यालयातील ग्रंथपाल आणि संशोधनाची आवड असलेला एखादा अध्यापक यांनी मिळून चार गोष्टी अंगी बाणवल्या तरी मोठा पल्ला गाठता येईल. प्रत्येक प्रकल्पाच्या प्रारंभी एक पानाचा आराखडा लिहून घेणे, सामग्रीच्या तीन प्रती ठेवणे, प्रत्येक तक्त्यासोबत रकान्यांचा अर्थ सांगणारे पत्रक जोडणे आणि विद्यार्थी संस्था सोडताना त्याच्याकडून सामग्रीचा रीतसर कार्यभार स्वीकारणे, या त्या चार गोष्टी होत. बदली झालेला अधिकारी कार्यभार सोपविल्याशिवाय जात नाही. संशोधकाने तसे जावे यास काहीच कारण नाही.

ग्रामपंचायतींचाही यात वाटा आहे. विद्यार्थी गावात येतात, घरोघर फिरतात, विहिरी मोजतात, प्रश्नावल्या भरून नेतात. या नोंदींचे पुढे काय होणार, त्या कोठे राहणार, गावाला त्यांची प्रत मिळणार काय आणि कोणाचे नाव बाहेर जाणार नाही याची हमी काय, हे विचारण्याचा सरपंचांना व सदस्यांना पूर्ण अधिकार आहे. आज घेतलेली पाण्याच्या पातळीची नोंद वीस वर्षांनी त्याच गावाच्या पाणीयोजनेला उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी ती वीस वर्षे कोणीतरी सांभाळलेली असावी लागते. गावाने वेळ दिला, विद्यार्थ्याने श्रम केले आणि शासनाने पैसा पुरविला. या तिघांचे देणे ज्या नोंदीत साठले आहे, तिचा कारभार कोणाकडे आहे हे प्रत्येक विद्यापीठाने निश्चित करणे आता अगत्याचे झाले आहे.